जवळ्याच्या चटणीतलं तेल

सोमवार आणि गुरुवार वगळून तीन आठवडे मी बायकोच्या जवळ्याच्या चटणीत, तिला न सांगता, भांगेच्या झाडापासून काढलेलं तेल घातलं. सोमवार-गुरुवार वगळले ते माझा विवेक जागा झाला म्हणून नव्हे. त्या दोन दिवशी आमच्याकडे ओली-सुकी कुठलीच मासळी शिजत नाही, म्हणून.

हे लिहितानाही त्या तेलाचा वास नाकाशी येतो. ओलं गोणपाट खवट खुरासणीच्या तेलात बुडवावं, पिळावं आणि गोठ्यात वाळत घालावं, मग जो काय दर्प सुटेल तो. रंग चहाच्या भांड्याच्या तळाला बसतो तसला. आणि ड्रॉपरच्या रबरी फुग्याला कायम एक चिकटा. त्या फुग्याला बोट लावलं की मला अजून शिसारी येते, आणि तेवढीच शिसारी स्वतःची येते, कारण ते बोट माझंच होतं.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीस वर्षं नोकरी केली. गोदामात माल उतरवून घ्यायचा, हे माझं काम. ट्रक दारात आला की ड्रायव्हर आधी चहा मागायचा आणि मी आधी टीसी मागायचो. टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. त्या लोखंडात काय किती मिसळलंय, ते किती ताण सोसेल, हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं असतं. कागद नाही तर माल खाली उतरत नाही. भर उन्हात मी ट्रक परत पाठवलेत, एकदा तर मालकाच्या साडूचा. रिटायर झाल्यावर हे किस्से मी घरी इतक्यांदा सांगितले की माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच बायको ते पुरं करायला लागली.

बायको करंजाची. तिच्या माहेरी होड्या, मासळीचा लिलाव आणि दारापुढे अंथरलेली सुकी मासळी. जन्मल्यापासून तिच्या नाकाला तेच शिक्षण. बाजारात सुक्या बोंबलाच्या ढिगापुढे ती नुसती उभी राहते आणि सांगते, खालचे जुने हायत. विकणारीच्या चेहऱ्यावरून कळतं की बरोबर सांगितलं. अशा नाकाच्या बाईला मी फसवायला निघालो होतो, हे आधी लक्षात घ्या.

काही वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप बदलली. आत बसवलेली झडप कृत्रिम आहे आणि घर शांत असलं की तिचा आवाज ऐकू येतो. टिक, टिक, जुन्या लेडीज घड्याळासारखा. पहिले काही महिने त्या आवाजाने मी बेचैन व्हायचो. नंतर तो घरातला एक आवाज झाला, फ्रिजसारखा. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून तिला रोज संध्याकाळी सहाला रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. गोळी घेतली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारते. इतक्या वर्षांत एक तारीख बिनफुलीची नाही. रक्त फार पातळ झालं तर कुठूनही वाहू लागतं, पुरेसं पातळ राहिलं नाही तर झडप अडकते. म्हणून महिन्यातून एकदा तपासणी. तिच्यात एक आकडा येतो, रक्त जितकं पातळ तितका मोठा; तो अडीच आणि साडेतीनच्या मध्ये राहायला हवा, एवढं मला पाठ होतं. बाकी काही समजून घ्यायची मी तसदी घेतली नव्हती.

आणि गुडघे. या गोळीबरोबर नेहमीची वेदनाशामक औषधं चालत नाहीत, त्यामुळे गुडघे दुखले तर शेक घ्या, व्यायाम करा, सोसा. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. एक दिवस मी भाजी घेऊन वर येत होतो आणि ती खाली उतरत होती, उलटी. पाठ रस्त्याकडे, तोंड जिन्याकडे, दोन्ही हात कठड्याला. होडीवरून शिडीने उतरावं तशी. मला बघून म्हणाली, "असं उतरलं का कमी दुखतं. तुमी बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. पण ते दृश्य डोळ्यांपुढून जाईना. इथपर्यंत माझा हेतू चांगला होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे असं काही नोंदवण्यासारखं नाही.

आमच्याच इमारतीत एक गृहस्थ राहतो. पूर्वी तो कळंबोलीला पत्र्याचा दलाल होता, दोन नंबरचा पत्रा एक नंबर म्हणून खपवायचा. त्याचा ट्रक मी स्वतः दोनदा परत पाठवलाय. आता तो पांढरा कुडता घालतो आणि स्वतःला वेलनेस कोच म्हणवतो. रविवारी सकाळी त्याने गच्चीवर लोकांना जमवलं. मी गेलो तो नाश्त्यासाठी, हेही कबूल करतो.

त्याने सगळ्यांना एक पत्रक वाटलं. त्यावर लिहिलं होतं की हे तेल झोपेवर चालतं, चिंतेवर चालतं, सांध्यांवर, मायग्रेनवर, मधुमेहावर, मुरमांवर, दारू सोडवण्यावर आणि पाळीव कुत्र्याला फटाक्यांची भीती वाटते त्यावरही. इतके रोग एका बाटलीत राहत असतील तर तिथे भाडं काय असेल, असा विनोद मी शेजाऱ्याच्या कानात केला. विनोद करणाऱ्याला वाटतं की आपण शहाणे आहोत. तिथेच तो फसतो.

"हे आहे सीबीडी, काका. कॅनाबिडिओल," कोच मला म्हणाला. "झाड भांगेचंच, पण नशा आणणारा भाग वेगळा. तो यात नाही. आयुर्वेदात हिला विजया म्हणतात. परदेशात डॉक्टर लिहून देतात. नो साइड इफेक्ट. नेचर आहे हे, नेचर."

"गुडघ्यावर?"

"काका, गुडघा तर याच्यासाठी काहीच नाही."

मग विश्वास बसावा म्हणून त्याने ड्रॉपर भरला, जीभ बाहेर काढून तिच्यावर दोन थेंब सोडले, ड्रॉपरचं टोक जिभेनेच पुसून घेतलं आणि ड्रॉपर पुन्हा बाटलीत बुडवला. पानाने रंगलेली, मधोमध भेग पडलेली ती जीभ मी फूटभर अंतरावरून पाहिली. आणि तीच बाटली त्याने माझ्या हातात ठेवली. "डेमो पीस, काका. तुम्हाला म्हणून. डॉक्टरची चिठ्ठी लागते तशी, ती मी मागाहून पाठवतो."

मी ती घेतली. ज्या माणसाचा पत्रा मी कागदाशिवाय घेतला नाही, त्याची थुंकी मी कागदाशिवाय घरी आणली.

आधी प्रयोग स्वतःवर केला. नशा नाही असं त्याने सांगितलं होतं, पण मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं की थोडीशी असेल. जिभेखाली चार थेंब घेतले आणि सोफ्यावर आडवा होऊन वाट पाहिली. आला तो ढेकर. मग दुसरा. दुपारी चारपर्यंत माझ्या तोंडातून कोणीतरी ओली पेंड उपसतंय असं वाटत होतं. दुसरं काही झालं नाही. काही झालं नाही म्हणजे सुरक्षित आहे, असा निष्कर्ष मी काढला.

मग बायकोला दिलं. तिने थेंब तोंडात घेतले, डोळे मोठे केले आणि लंगडत बेसिनपाशी जाऊन थुंकली. तीन वेळा चूळ भरली.

"काय हाय हे? शेवाल कुसल्यावानी लागतं."

"गुडघ्यासाठी आहे. आयुर्वेदिक."

"मॅडमना इचारलं?"

मॅडम म्हणजे तिच्या हृदयाच्या डॉक्टर, पनवेलच्या, पस्तिशीच्या आसपासच्या. मी म्हणालो, "आयुर्वेदिकला कशाला विचारायचं? ते काय औषध आहे?"

"औषध नाय तर मंग मना कशाला देताय? मॅडमना इचारल्याबिगर मी नाय घेनार."

आपल्याकडे अनेक घरांत ही एक चमत्कारिक वाटणी असते. डॉक्टरने दिलं ते औषध, आणि बाकी जे काही कुटून, उकळून, गाळून, बाटलीत भरून येतं ते औषध नव्हे, ते नुसतं 'घेतो आपलं'. डॉक्टरने विचारलं, आणखी काय चालू आहे, तर आपण बिनदिक्कत सांगतो, काही नाही. मी त्या वाटणीत लहानाचा मोठा झालो. बायको मात्र ऑपरेशननंतर शहाणी झाली होती आणि मला तिचा तो शहाणपणा हट्ट वाटला.

गुडघे वाईट झाल्यापासून ताटं मी वाढतो. जवळ्याची चटणी ती स्वतः करते, खुर्चीत बसून. जवळा कोरडा भाजायचा, लसूण-मिरची-खोबऱ्याबरोबर कुटायचा, वर कच्चं तेल. एवढ्या उग्र चटणीत अर्धा ड्रॉपर काय कळणार, असा माझा हिशेब. पत्रकात चार थेंब लिहिले होते. मी चारावरून आठ केले, आठावरून अर्धा ड्रॉपर. लोखंडात मी ग्रॅमला ग्रॅम जुळवला, आणि इथे बायकोच्या ताटात अंदाजपंचे.

पहिल्याच घासाला तिने नाक आवळलं. "जवल्याला वास येतोय."

"मला नाही येत."

"बगू तुमचा." तिने माझ्या ताटातली चटणी चिमटीत घेऊन हुंगली. "ह्याला नाय." मग माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मला माझ्याही चटणीत ते घालावं लागलं. तिच्यासमोर बसून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, मी ते गिळत होतो. घशाशी यायचं. वर पाण्याचा घोट घ्यायचो आणि म्हणायचो, "झकास." त्या पानाने रंगलेल्या जिभेची आठवण झाली नाही असा एक घास गेला नाही.

तिने करंजाला तिच्या मोठ्या भावाला फोन लावला. जवळा तोच पाठवतो, दरवेळी, स्वतः वाळवून. "दादा, तुजा जवला कुसलाय."

पलीकडून काय आलं ते मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. वाळवणीत आयुष्य गेलेल्या माणसाला माल कुजका आहे म्हणणं म्हणजे काय, ते मला कळतं. मला कोणी म्हटलं असतं की तुझ्या काट्यात खोट आहे, तर मीही असाच ओरडलो असतो. त्याने चार दिवसांत नवा जवळा पाठवला. मी त्यातही तेल घातलं. तिने तोही हुंगला. दोन दिवसांनी तिने भावाला सांगितलं, "दादा, तुजी चूक नाय. जहाजांचं तेल पान्यात सुटलं असंल. चव तेलाचीच हाय." त्या बिचाऱ्याने बंदरावर चार लोकांना विचारलंही, की तुमच्या जवळ्याला तेलाचा वास येतो का. सगळे त्याला हसले.

तेल ओळखलं होतं तिने. जहाज तेवढं चुकलं होतं, ते समोर बसून भाकरी मोडत होतं.

त्यात एक दिवस ती म्हणाली, "आज गुडघं जरा बरं हायत." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी ती जिना उतरली नव्हती, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी फक्त डोस थोडा वाढवला.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी बेसिनमध्ये पेस्टचा फेस गुलाबी दिसला. हिरड्या असतील, असं म्हणालो. मग तिच्या दंडावर तळहाताएवढा निळा-काळा डाग आला. रिक्षाच्या दांडीला हात लागला होता, जोरात नाही, नुसता. मग मांडीवर एक, तो कशाने आला तिला सांगता येईना. बुधवारी तपासणी होती. अहवालात आकडा होता पाच पॉइंट सहा.

मॅडमनी अहवाल पाहिला, तिचा दंड पाहिला, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. "काकू, नवीन काही सुरू केलंय? पेनकिलर? काढा, पावडर, काहीही?"

"काय नाय, मॅडम. कंदीच नाय." ती खरं बोलत होती.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"पालेभाजी एकदम कमी केलीत का? तिनेही या गोळीचा जोर वाढतो."

"हो, हल्ली कमीच झालीय," मी म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो की मलाच आश्चर्य वाटलं. पालेभाजीवर आळ घेतला मी, मेथीवर. त्या क्षणी मला जे हलकं वाटलं ते आठवलं की आज तेलाच्या वासापेक्षा जास्त किळस येते.

मॅडमनी दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली, मग डोस कमी करून दिला आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. "या गोळीत खेळ नाही, काका," त्या म्हणाल्या. "लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं म्हणजे काय केलं, तर घरी येऊन बाटली संडासात ओतली आणि दोनदा पाणी सोडलं. वास दुपारपर्यंत गेला नाही. रिकामी बाटली आणि ड्रॉपर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकला. मला वाटलं, सुटलो. तेल बंद म्हणजे प्रश्न बंद. बायको जेवताना म्हणाली, "आज जवला गोड लागला." मी म्हटलं, बघ, समुद्र साफ झाला.

आठ दिवसांनी आकडा आला एक पॉइंट सहा.

या वेळी मॅडम घाबरल्या. डॉक्टर घाबरला की तो मोठ्याने बोलत नाही, हळू बोलतो. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, जागा बदलून बदलून ऐकलं. झडपेचा टिक स्पष्ट येतोय का ते ऐकत होत्या. मीही कान देऊन ऐकू लागलो. बाहेर हॉर्न वाजत होते, पंखा घरघरत होता. ज्या आवाजाकडे मी कित्येक वर्षं दुर्लक्ष केलं, तो आता दोन फुटांवरून मला ऐकू येईना.

"एवढा खाली जायला नको," मॅडम म्हणाल्या. "मी इतका डोस कमी केलाच नव्हता. काकू, खरं सांगा, गोळ्या चुकल्या ना?"

"नाय, मॅडम."

"रागावत नाही मी. होतं असं. एखाद-दोन दिवस राहून जातात."

"नाय राहत, मॅडम. फुली मारते मी." तिचा आवाज बारीक झाला. "तुमी म्हनाल तर कॅलेंडर घेऊन येते."

मॅडमच्या चेहऱ्यावर पेशंट खोटं बोलतंय असं वाटणाऱ्या डॉक्टरची ती ओळखीची सहनशील मुद्रा आली. आधी हिच्या भावाचा जवळा खोटा ठरला, आता हिची फुली. आणि गोळी चुकली असं समजून मॅडम पुढे जे ठरवणार होत्या, ते पुन्हा चुकीच्याच हिशेबावर ठरणार होतं. एवढं मला त्या खुर्चीत बसून कळलं. तीस वर्षांत इतकं साधं गणित मला इतक्या उशिरा कधी सुटलं नव्हतं.

"मॅडम, तेल होतं," मी म्हणालो.

"कसलं तेल?"

मी सगळं सांगितलं. कोच, बाटली, चटणी, संडास. सोमवार-गुरुवारसुद्धा सांगितले, का ते देव जाणे. मॅडमनी पेन खाली ठेवलं. बायको माझ्याकडे वळली नाही. तिची नजर समोरच्या भिंतीवर होती, हृदयाचं चित्र होतं तिथे, तांबडी-निळी नळकांडी.

"आधी इको. झडप नीट हलतेय का ते बघू," मॅडम म्हणाल्या आणि बेल दाबली. "बोलू नंतर."

तिला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. हातांना वास येतोय असं वाटत होतं, साबणाने धुऊन आलो तरी येतच होता. एक नर्स बाजूने गेली तेव्हा मी हात मांड्यांखाली लपवले. झडपेवर गुठळी असेल तर काय, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायची हिंमत असती तर ती महिन्यापूर्वीच दाखवली असती.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली, साडी नीट करत, उलटीच, कारण दाराला एक पायरी होती. "हलतेय झडप," म्हणाली. मला नव्हे, फोनला. फोन आधीच कानाला होता. "दादा, जवला चांगला होता तुजा. दोन्ही येलचा. नाय रे, जहाजांचं पन नाय. घरी येऊन सांगते. नाय, फोनवर सांगन्यासारखं नाय."

आम्ही पुन्हा मॅडमसमोर. झडप मोकळी होती. डोस पूर्ववत होऊन आकडा वर येईपर्यंत रोज पोटात इंजेक्शन घ्यायचं, त्यासाठी रोज दवाखान्यात यायचं. म्हणजे तीन मजले उतरून, तीन मजले चढून. गुडघ्यांसाठी केलेल्या उपायाने गुडघ्यांना मिळालेलं हे बक्षीस.

मी विचारलं, "मॅडम, म्हणजे ते सगळं खोटंच?"

"खोटं असतं तर बरं झालं असतं, काका. काही झालंच नसतं." त्या आता नेहमीच्या आवाजात बोलत होत्या. "लहान मुलांना काही विशिष्ट प्रकारच्या फिट्स येतात, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या. तिथे सीबीडी खरोखर काम करतं. पण ते शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं, लिव्हरच्या तपासण्या करत दिलेलं. चिंता, झोप, दुखणं, यावर अभ्यास चालू आहेत. काही ठिकाणी आशा दिसते, काही ठिकाणी नाही. गुडघ्यासाठी घ्या असं मी आज सांगू शकत नाही, आणि तुमचा तो कोच तर नाहीच नाही."

मग त्यांनी समजावलं की रक्त पातळ करणारी गोळी लिव्हरमध्ये हळूहळू संपवली जाते, आणि हे तेल नेमकं त्या संपवणाऱ्यालाच अडवतं. गोळी तेवढीच, पण ती अंगात साठत जाते. मला लगेच वजनकाटा दिसला. काट्यावर एक ट्रक बंद पडला की मागे ट्रकांची रांग पार हायवेपर्यंत. मॅडमना रांग दिसली, म्हणून त्यांनी ट्रक कमी सोडले. आणि त्याच दिवशी मी काट्यावरचा बंद ट्रक गुपचूप ढकलून दिला. काटा मोकळा, ट्रक कमी, गोदाम रिकामं.

"आणि तेलकट जेवणातून दिलंत," मॅडम म्हणाल्या, "त्याने ते आणखी जास्त शोषलं जातं. नुसतं जिभेखाली दिलं असतंत तर कदाचित इतकं चढलं नसतं."

म्हणजे चटणीची युक्ती हा माझ्या चातुर्याचा कळस होता.

"बाटलीवर काय लिहिलं होतं?"

बाटली मी फेकली होती, पण फोनमध्ये तिचा फोटो होता. घेतली त्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला काढलेला. मॅडमनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. एक हिरवं पान, उगवता सूर्य, ध्यानाला बसलेली बाई. "एका थेंबात किती, कुठेच लिहिलेलं नाही. बॅच नंबर नाही. कुठल्या लॅबने तपासलं त्याचा कागद?"

"नव्हता."

"मागितला नाहीत?"

मी मान खाली घातली. माझं सगळं आयुष्य ज्या एका प्रश्नावर गेलं, तो मला आज दुसऱ्या कोणीतरी विचारत होतं, आणि बायको शेजारी बसून ऐकत होती. "नाही, मॅडम," मी म्हणालो. "कागद न बघताच घेतलं."

तेव्हा बायको पुन्हा आत आल्यापासून पहिल्यांदा बोलली. भिंतीवरच्या हृदयावरून नजर काढून तिने ती मॅडमकडे वळवली, माझ्याकडे नाही.

"त्याचं काय नाय, मॅडम," ती म्हणाली. "माज्या बापानं पन ह्याला कागद न बगताच घेतलता."